वावधानात मोत्याला कोठे न्यायचे? परभणी जिल्ह्यातील एका आखाड्याचे प्रकरण

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातील एका गावात मे महिन्यात घडले. ते गाव ज्याच्या कार्यक्षेत्रात येते त्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मी काम करतो. या घटनेत माझा सहभाग प्रथम एका फोनपुरता होता आणि दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनासाठी प्रत्यक्ष होता. कुटुंबाने लिहिण्यास संमती दिली आहे. गावाचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही आणि कुत्र्याचे नाव बदललेले आहे. वावधानाच्या, म्हणजे वादळाच्या, वेळी पाळीव जनावरासह आसरा शोधताना माणसे नेमकी कोठे अडतात, हे या एका दुपारच्या तासा-दीड तासात इतके स्पष्ट दिसते की ते सविस्तर नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटले.

पार्श्वभूमी

गावापासून सुमारे दीड किलोमीटरवर, ओढ्याच्या पलीकडे, या कुटुंबाचा आखाडा, म्हणजे शेतातले राहते घर, आहे. मुलगा आणि सून पुण्याला कामाला असतात. आखाड्यावर पासष्टीच्या आजी राहतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत नऊ वर्षांचा नातू त्यांच्याकडे येतो. घर म्हणजे मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतींची एक खोली आणि तिच्यावर दहा पत्रे. वाऱ्याने पत्रे उचलू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवलेले होते. दारासमोर जुना कडुलिंब, त्याच्या बुंध्याला बांधलेली गाय, जवळच खुंट्याला वासरू आणि दाराशी मोत्या. मोत्या हा सात वर्षांचा गावरान कुत्रा आहे. आजोबा वारले तेव्हापासून आजी रात्री त्याच्या भरवशावर आखाड्यावर झोपतात, हे गावात सर्वांना ठाऊक आहे.

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळपासून जमीन तापत जाते आणि हवेत दमटपणा असेल तर दुपारनंतर उंच ढग उभे राहतात. अशा ढगातून थंड हवा जोराने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. त्यामुळे पावसाचा पहिला थेंब पडण्याच्या आधीच वारा सुटतो. आभाळ भरून आल्यानंतर ‘पाऊस लागला की निघू’ असे जे आपण म्हणतो, त्यातला धोका हाच आहे. पाऊस लागेपर्यंत पत्रे उडण्याची वेळ होऊन गेलेली असते. त्यातच हे दिवस हळद शिजवून वाळत घालण्याचे असतात. वर्षभराचे उत्पन्न ताडपत्रीवर पसरलेले असताना माणसाचे लक्ष आधी तिकडे जाते, आणि त्यासाठी कोणाला दोष देता येणार नाही.

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेकडून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला प्रसिद्ध होतो. त्या आठवड्यातील शुक्रवारच्या सल्ल्यात वादळी वारा, मेघगर्जना आणि विजांची शक्यता दिलेली होती. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर तो आला होता आणि आजींच्या शेजारच्या आखाड्यावरील तरुण शेतकऱ्याने तो वाचलाही होता. घटना शनिवारची आहे.

समस्या

दुपारी सव्वातीनच्या सुमारास आभाळ काळे झाले. शेजाऱ्याच्या मोबाइलवर ‘दामिनी’ ॲपने परिसरात वीज पडत असल्याची सूचना दिली. हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केले आहे आणि ते आजूबाजूच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधील विजांची माहिती देते. शेजाऱ्याकडे माल वाहण्याचा लहान टेम्पो आहे. तो घेऊन तो साडेतीनला आजींच्या आखाड्यावर पोहोचला. आजी आणि नातू दोघेही हळद गोळा करत होते. तिघांनी मिळून ती ताडपत्रीत गुंडाळून खोलीत ओढली. त्यात वीस मिनिटे गेली.

निघण्याची वेळ आली तेव्हा मोत्या जागेवर नव्हता. पहिल्या गडगडाटालाच तो घरात शिरून बाजेखाली, भिंतीला अगदी चिकटून बसला होता. तो थरथरत होता, तोंडातून लाळ गळत होती आणि हाक मारूनही बाहेर येत नव्हता. नातवाने त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला धरून ओढले तेव्हा तो त्याच्यावर गुरगुरला. त्या घरात तो त्या मुलावर पूर्वी कधीही गुरगुरला नव्हता.

शेजारी म्हणाला, “मावशी, सोडा त्याला मोकळं. कुत्रं हाये, त्याचं ते बघून घेतंय.” आजींनी दिलेले उत्तर मला नंतर तिघांकडून स्वतंत्रपणे ऐकायला मिळाले आणि तिघांच्याही तोंडी ते जवळपास सारखेच होते: “लेकराला तू घेऊन जाय. मी ह्याच्यापाशी थांबते.”

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा या एका वाक्यात आहे. कुत्र्याला न्यायचे की नाही असा प्रश्न वरवर दिसतो, पण कुत्र्याला जागा नसली की त्याच्यामागे माणूस थांबतो आणि त्याला थांबवणारे कोणी नसते. अमेरिकेत २००५ मध्ये कतरिना वादळात असंख्य लोकांनी पाळीव जनावरांना सोडून जाण्यास नकार दिला होता. त्यानंतर २००६ मध्ये तेथे कायदा झाला आणि आपत्तीच्या नियोजनात घरातील पाळीव जनावरांचाही विचार करणे स्थानिक यंत्रणांवर बंधनकारक झाले. आपल्या आखाड्यांवरील परिस्थिती तिथल्या शहरांपेक्षा फार वेगळी आहे, पण आजींचे वाक्य तिथल्या लोकांच्या नकाराहून वेगळे नाही.

समोर असलेले पर्याय

त्या क्षणी सहा मार्ग होते आणि त्यांपैकी प्रत्येकाचा विचार कोणी ना कोणी बोलून दाखवला होता.

खोलीतच थांबणे हा पहिला. दार लावून बसलो तर वारा आत येणार नाही, असे आजींचे म्हणणे होते. मातीत बांधलेल्या भिंती आणि नुसत्या दगडांनी दाबलेले पत्रे यांच्या भरवशावर वादळ काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी २०१४ ची फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट पाहिली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. शिवाय विजेपासून अशी खोली पुरेसे संरक्षण देत नाही.

दुसरा पर्याय विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचा होता. ती पक्क्या विटांची आहे, पण तिच्यात स्टार्टर आणि उघडी वायर आहे, आणि बाहेरून आलेल्या तारेवर वीज पडली तर ती थेट आत येते. हा पर्याय शेजाऱ्याने एका वाक्यात सोडून दिला आणि ते योग्यच केले.

तिसरा पर्याय गावातील भावकीच्या जुन्या वाड्याचा. तेथे मोत्याला कोणी अडवले नसते, म्हणून आजींचा कल तिकडे होता. परंतु तो वाडा माळवदाचा आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावरील मातीच्या जड छपरांखाली किती माणसे गेली हे मराठवाडा विसरलेला नाही. भूकंप नसला तरी माळवदात पाणी मुरले की छपराचे वजन वाढते आणि जुनी भिंत फुगते. त्या वाड्याची एक बाजू आदल्या पावसाळ्यातच खचलेली होती.

चौथा पर्याय जिल्हा परिषदेच्या शाळेच्या दोन स्लॅबच्या खोल्यांचा होता. वादळात गावाने तेथे जमायचे हे ठरलेले होते. मात्र तेथे कुत्र्याला घेतील की नाही, हे कधीच ठरलेले नव्हते. पाचवा म्हणजे टेम्पोच्या बंद केबिनमध्ये काचा लावून बसून राहणे. विजेपासून वाचण्यासाठी धातूचे बंद वाहन बरेच सुरक्षित असते, पण उभ्या वाऱ्यात, झाडांच्या जवळ आणि गारांच्या माऱ्यात ते तात्पुरत्या आसऱ्यापलीकडे उपयोगाचे नाही.

मोत्याला मोकळे सोडण्याचा सहावा मार्ग शेजाऱ्याने सुचवला होता. त्याची भूमिका निष्ठुर नव्हती. शेतावरचा कुत्रा आपली वाट शोधतो हे एरवी खरेच आहे. गडगडाटाने घाबरलेला कुत्रा मात्र एक तर दिशाहीन पळत सुटतो किंवा जेथे त्याला सर्वांत सुरक्षित वाटते तेथे परत येतो. मोत्यासाठी ती जागा बाजेखालची होती.

काय केले

मोत्याला बाहेर काढण्याचे काम आजींनी केले. प्रथम त्यांनी भाकरीचा तुकडा पुढे केला, पण भीतीच्या भरात असलेला कुत्रा खात नाही. मग त्यांनी बाजेवरची वाकळ ओढली आणि खाली वाकून ती मोत्याच्या अंगावर टाकली. त्याचे डोके झाकले गेले. वाकळीला त्यांच्या अंगाचा वास होता. तो गुरगुरायचा थांबला आणि त्यांनी वाकळीसकट त्याला दोन्ही हातांनी बाहेर ओढून छातीशी घेतले. घाबरलेल्या कुत्र्याला हाताळण्याची ही रीत आम्ही शिकलेले लोक विद्यार्थ्यांना शिकवतो: डोळ्यांवर अंधार, अंगावर सारखा दाब आणि चेहऱ्यासमोर हात न नेणे. आजींना ती कोणी शिकवलेली नव्हती.

मागे उघड्या हौद्यात कुत्र्याला बांधण्याऐवजी त्याला केबिनमध्ये आजींच्या पायाशी ठेवले. टेम्पो चार वाजून पाच मिनिटांनी निघाला. ओढ्यावरील फरशी पुलावरून तो पार झाला तेव्हा ओढा जवळजवळ कोरडा होता. या गडबडीत गाय कडुलिंबाला तशीच बांधलेली राहिली आणि वासरू खुंट्याला. त्यांचा विचार तिघांपैकी कोणाच्याही मनात आला नाही, असे नाही. आजी मला नंतर म्हणाल्या की टेम्पोत बसताना त्यांनी गायीकडे पाहिले होते. ती रोज तेथेच असते, म्हणून ती ठीक असेल असे त्यांना वाटले.

शाळेत चार वाजून वीस मिनिटांनी पोहोचले तेव्हा आत तीसेक माणसे होती. जवळच्या वीटभट्टीवरील मजूर, शेतातून परतलेल्या बाया आणि बरीच लहान मुले. दारात शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य उभे होते. त्यांनी आजी आणि नातवाला आत घेतले आणि मोत्याला अडवले. गावातील एका मुलाला दोनच महिन्यांपूर्वी मोकाट कुत्रा चावला होता आणि त्याला लसीचे सर्व डोस घ्यावे लागले होते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. बंद खोलीत, अंधारात, घाबरलेल्या कुत्र्यासोबत पंधरा-वीस मुले ठेवायची नाहीत असे एखादा जबाबदार माणूस म्हणत असेल, तर त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मी त्या जागी असतो तर मीही प्रथम हेच म्हटले असते.

आजी काही न बोलता व्हरांड्यात बसल्या. नातू त्यांच्या शेजारी बसला. व्हरांड्याचे छप्पर पत्र्याचे आहे आणि खांब लोखंडी नळ्यांचे आहेत. वारा सुटलेला होता, गडगडाट जवळ आला होता आणि विजेपासून अतिशय असुरक्षित अशा जागी एक वृद्ध बाई, एक मूल आणि एक कुत्रा बसले होते. हे जवळपास बारा मिनिटे चालले.

मुख्याध्यापकांनी मला फोन केला तो या वेळी. “डॉक्टरसाहेब, आजी आत येईनात. हे कुत्रं घ्यावं का आत?” मी तीन गोष्टी विचारल्या: कुत्रा कोणाचा आहे, त्याने आजवर कोणाला चावले आहे का आणि त्याला लस आहे का. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांच्याकडे होती. तिसऱ्याचे माझ्याकडे होते. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो आणि आदल्या वर्षी त्या दिवशी आम्ही गावात लसीकरणाचे शिबिर घेतले होते. दवाखान्याच्या नोंदवहीत मोत्याची नोंद होती. आजींकडे लसीचे कार्डही होते, पण ते आखाड्यावर पत्र्याच्या पेटीत होते.

मी सांगितले की कुत्र्याला माणसांच्या खोलीत घेऊ नका, पण व्हरांड्यातही ठेवू नका. शाळेत पोषण आहाराची स्वयंपाकखोली आणि जुनी बाके ठेवण्याची एक लहान खोली आहे. स्वयंपाकखोलीत धान्य असते, म्हणून बाकांची खोली निवडली. साखळी खिडकीच्या गजाला न बांधता जड बाकाच्या लाकडी पायाला बांधावी, जवळ एका भांड्यात पाणी ठेवावे आणि त्याच्याजवळ फक्त आजींनी थांबावे, मुलाला मोठ्या खोलीत न्यावे, असे मी म्हणालो. तोंडाला मऊ कापडाची पट्टी बांधण्यासही सांगितले: नाकावरून वेढा, हनुवटीखाली गाठ आणि तिची टोके कानांमागे. आजींनी नेसत्या लुगड्याच्या पदराची पट्टी फाडून ती बांधली. त्यानंतर फोन बंद झाला. टॉवर गेला होता. सहा वाजेपर्यंत मला काहीच कळले नाही.

येथे माझी चूक आहे आणि ती मी स्पष्टपणे नोंदवतो. तोंड बांधायला सांगताना ते किती वेळ बांधून ठेवायचे हे मी सांगितले नाही. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो तोंड उघडून धापा टाकतो आणि त्यातूनच शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. मे महिन्यातील बंद खोलीत, भीतीने आधीच धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे तोंड बांधणे हे दोन-चार मिनिटांचे, दारातून आत नेण्यापुरते काम होते. ती पट्टी वीस मिनिटांहून अधिक काळ राहिली. मोत्याची जीभ काळपट दिसू लागली हे दाराच्या फटीतून डोकावणाऱ्या नातवाने पाहिले आणि तो ओरडला, तेव्हा आजींनी पट्टी सोडली आणि ओल्या पदराने त्याचे पोट व पाय पुसले. मोत्या सावरला. तो सावरला नसता तर त्याचे कारण माझा अर्धवट सल्ला ठरला असता.

परिणाम

वादळ चार-चाळीसपासून साडेपाचपर्यंत होते. त्यात दहा-बारा मिनिटे गारा पडल्या. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास कोणीही बाहेर पडू नये, हा विजेबाबतचा नियम मुख्याध्यापकांनी काटेकोरपणे पाळला आणि सहा वाजेपर्यंत दार उघडले नाही. फरशी पुलावरून ओढा साडेसातपर्यंत वाहत होता. म्हणजे आखाड्यावरून निघायला आणखी तास गेला असता तर परतीची वाटही उरली नसती.

सकाळी मी आखाड्यावर गेलो. दहापैकी सहा पत्रे उडालेले होते. त्यांतील एक दोनशे पावलांवर उसाच्या कडेला सापडला. ज्या भिंतीला चिकटून मोत्या बसला होता ती भिंत आत कोसळली होती आणि बाजेचे लाकूड मोडून तिच्या विटा जमिनीवर पसरल्या होत्या. हळद भिजली, पण ताडपत्रीमुळे बरीचशी वाचली.

गाय कडुलिंबाखाली मेलेली होती. झाडाच्या बुंध्यावर वरून खालपर्यंत सालीची एक लांब पट्टी सोललेली होती आणि ती थेट दाव्याच्या गाठीपर्यंत आली होती. वीज झाडातून जमिनीत शिरते तेव्हा ती बुंध्याभोवती जमिनीवरही पसरते. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे त्यांच्यामधून विजेचा प्रवाह सहज वाहतो आणि तो हृदयाच्या भागातून जातो. माणसापेक्षा गाय-बैल अशा वेळी जास्त मरतात त्याचे हे कारण आहे. पंधरा पावलांवर खुंट्याला असलेले वासरू जिवंत होते आणि हंबरत होते.

मी शवविच्छेदन केले आणि तलाठ्यांनी पंचनामा केला. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांनुसार दुधाळ गायीसाठी ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये मदत ठरलेली होती. त्या यादीत कुत्रा नव्हता. हे मी येथे तक्रार म्हणून लिहीत नाही, पण यादीत नसलेल्या जनावराची काळजी शासकीय नियोजनात आपोआप येत नाही आणि ती गावाने स्वतःच ठरवावी लागते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

पंचनाम्याच्या वेळी आजी गायीशेजारी बसून होत्या. मोत्या त्यांच्या मागे होता. त्या मला म्हणाल्या, “डॉक्टर, ह्याला कडेवर घेऊन गेले अन् हिला बांधून गेले. दावं सोडायला कितीसा वेळ लागतो?” माझ्याकडे उत्तर नव्हते. दावे सोडायला अर्धे मिनिट लागले असते.

निर्णयाचे क्षण, मागे वळून पाहताना

मी, शेजारी, मुख्याध्यापक आणि समितीचे ते सदस्य असे आम्ही चौघे दोन आठवड्यांनी एकत्र बसलो. आजीही होत्या. कोणाचा दोष काढायचा नाही असे ठरवून बोललो आणि तसे बोलणे जमलेही, हे मला समाधानाचे वाटते.

सर्वांत महाग पडलेला वेळ हळदीचा नव्हता, असे माझे मत झाले आहे. हळदीत वीस मिनिटे गेली, पण शुक्रवारचा सल्ला वाचून शनिवारी सकाळीच ती आत घेतली असती तर ती वीस मिनिटे दुपारी लागलीच नसती. सूचना आणि कृती यांच्यामध्ये एक संपूर्ण रात्र मोकळी गेली. मोत्याच्या बाबतीतही तसेच. गडगडाट सुरू होण्यापूर्वी, आभाळ नुसते भरत असतानाच त्याला साखळी लावली असती तर तो बाजेखाली गेलाच नसता. घाबरल्यानंतर कुत्र्याला समजावता येत नाही. त्याला घाबरण्यापूर्वीच हाताशी घ्यावे लागते.

‘मोकळे सोडा’ या सल्ल्यावर बराच वाद झाला. शेजाऱ्याचे म्हणणे असे की पुराच्या वेळी तर खुंट्याला बांधलेली जनावरेच जातात. मराठवाड्यात पूर्वी आलेल्या पुरात जी जनावरे दावणीला होती त्यांना पळताच आले नाही, हे त्याने पाहिले होते. तो बरोबर आहे. पुरात दावे सोडणे हाच जनावराचा एकमेव उपाय असतो. वीज आणि वारा यांच्या वेळी मात्र गाय आणि कुत्रा यांचे उत्तर एक नाही. गायीला झाडापासून, तारेच्या कुंपणापासून आणि विजेच्या खांबापासून दूर, सखल मोकळ्या जागी दावे सोडून ठेवणे हे झाडाला बांधण्यापेक्षा नक्की बरे आहे. घरात वाढलेला कुत्रा मोकळा सोडला की परत घरातच येतो, म्हणून त्याला माणसासोबतच नेले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी एकाच अंगणात कराव्या लागतात आणि तेथेच घाई चुकवते.

शाळेच्या दारातील बारा मिनिटांबद्दल समितीचे सदस्य स्वतःच बोलले. त्यांना नकार दिल्याचा पश्चात्ताप नव्हता आणि तो असण्याचे कारणही नाही. “नाही म्हटलं, पण मग ते कुठं जातील हे सांगितलं नाही,” एवढेच ते म्हणाले. बाकांची खोली रिकामी होती आणि तिची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

माझ्याकडून काय वेगळे व्हायला हवे होते हे वर लिहिलेच आहे. त्यात एक भर घालतो. लसीची नोंद माझ्या वहीत होती म्हणून त्या दिवशी काम झाले. तो फोन आणखी दोन मिनिटे उशिरा आला असता तर टॉवर बंद झाला असता आणि माझी वही माझ्याच टेबलावर राहिली असती. नोंद दवाखान्यात असून भागत नाही. ती जनावराच्या मालकाच्या हातात असली पाहिजे.

त्यानंतर झालेले बदल

आजींनी मोत्याचे लसीचे कार्ड आता आधार कार्ड आणि पासबुकासोबत एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहे आणि ती पिशवी दाराच्या खुंटीला असते. साखळी तिच्याच शेजारी. नातवाने पुढच्या सुट्टीत मोत्याला टेम्पोच्या केबिनमध्ये चढायला शिकवले. रोज संध्याकाळी उभ्या टेम्पोत चढायचे, एक भाकरीचा तुकडा घ्यायचा आणि उतरायचे, एवढाच तो सराव होता. पंधरा दिवसांत तो हाक न मारता चढू लागला. भीतीच्या वेळी जनावर नवी गोष्ट शिकत नाही, पण शिकलेली जागा त्याला आठवते.

शाळेत बाकांची खोली पाळीव जनावरांसाठी ठरवली आहे. अट अशी की जनावर ज्याचे त्याने त्याच्यासोबत थांबायचे, लसीचे कार्ड दाखवायचे आणि साखळीशिवाय आत आणायचे नाही. ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांचे जनावर त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, बाकांच्या आडोशाने वेगळे बांधायचे. शेवटच्या अटीवर मी आग्रह धरला, कारण कार्ड नाही म्हणून कुत्र्याला परत पाठवले तर त्याच्यामागे पुन्हा माणूसच व्हरांड्यात जाणार. मुख्याध्यापकांनी हे सर्व एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. त्यावर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक आहे. खाली माझ्याकडून घेऊन एक ओळ ठळक अक्षरांत लिहिली आहे: ‘तोंडाची पट्टी आत आल्यावर लगेच सोडावी.’

दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या शेवटी असेच एक वावधान आले. त्या वेळी आजी, मोत्या आणि शेजाऱ्याच्या घरची मांजर, तीही झाकण बांधलेल्या टोपलीत, आभाळ भरताच शाळेत पोहोचली होती. समितीच्या त्याच सदस्यांनी बाकांची खोली उघडून आधीच पाण्याचे भांडे भरून ठेवले होते. आजींनी निघण्यापूर्वी वासराचे, म्हणजे आता कालवड झालेल्या त्याच जनावराचे, दावे सोडले होते. खुंटा त्यांनी कडुलिंबापासून बांधाच्या खालच्या मोकळ्या रानात हलवलेला आहे.

बैठकीत आजींनी एक प्रश्न विचारला होता: कुत्र्या-मांजरांना खोली दिली, पण गावात गायी-म्हशी आहेत त्यांना कोठे न्यायचे? शाळेच्या आवारात त्या मावणार नाहीत आणि गावठाणात तेवढा पक्का निवारा नाही. त्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही आणि अजूनही मिळालेले नाही. तेव्हापासून मी मे महिना लागण्यापूर्वी लसीकरणाला आखाड्यांवर जातो तेव्हा जनावर कोठे बांधलेले आहे ते आधी पाहतो, आणि झाडाला बांधलेले असेल तर लस टोचण्यापूर्वी मालकासोबत खुंट्याची दुसरी जागा ठोकून मगच पुढे जातो.